‘नो नेक्स्ट बटन’

‘अर्ज सादर करा’ हे हिरवं बटण पडद्यावर चांगलं ठसठशीत दिसत होतं. ताईंनी कीबोर्डवर ‘बी’ची कळ दाबली आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा एनव्हीडीए बोलला, ‘नो नेक्स्ट बटन’. परत दाबलं, परत तेच. वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीची दोन मुलं शेजारी बसली होती. ती एकदा पडद्याकडे बघत होती, एकदा स्पीकरकडे.

पुण्यातल्या एका संस्थेने शिष्यवृत्तीचे अर्ज नव्यानेच ऑनलाइन केले होते आणि त्यांची तपासणी आमच्याकडे आली होती. दिव्यांगांना वेबसाइट वापरता येते का, हे बघणं माझं काम. ताई माझ्या सहकारी, जन्मापासून अंध. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, त्या दिवसभर वापरतात, तोही इतक्या वेगाने की नवख्याला नुसती खडखड ऐकू येते. त्या दिवशी सगळ्यांना कळावं म्हणून त्यांनी वेग बराच कमी केला होता. एच दाबलं की पुढचं शीर्षक, एफ दाबलं की फॉर्ममधला पुढचा रकाना, बी दाबलं की पुढचं बटण. आपण पानावरून नजर फिरवतो, तसं त्या या कळांनी पान चाळतात.

कोड उघडला, तर ते बटण नव्हतंच. एक डिव्ह, म्हणजे पानावरचा नुसता रिकामा चौकोन, त्याला हिरवा रंग, गोल कोपरे आणि क्लिकसाठी जोडलेली एक ओळ. वेबपानं जिच्यात लिहितात त्या एचटीएमएलमध्ये बटणाचा स्वतंत्र टॅग १९९७च्या चौथ्या आवृत्तीपासून आहे. तो वापरला की टॅबने तिथे पोचता येतं, एंटर आणि स्पेस दोन्ही चालतात, आणि ‘हे बटण आहे’ हे स्क्रीन रीडरला आपोआप कळतं. डिव्ह घेतला की यातलं एकेक हाताने करत बसावं लागतं, आणि ते बहुधा राहूनच जातं. सुगम्यता, म्हणजे दिव्यांगांना वापरता येईल असं बनवणं, हे शेवटी वरून चढवायचं जास्तीचं काम, असं पुष्कळांना वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. ब्राउझर जे आयतं देतो ते मोडलं नाही, तरी निम्मी लढाई जिंकली.

‘पण सर, लाइटहाउसमध्ये आमचा स्कोअर चांगला आलाय,’ त्यातला एक म्हणाला. लाइटहाउस म्हणजे वेबसाइट आपोआप तपासून गुण देणारं साधन. स्कोअर खरंच चांगला आला होता. पण असं साधन चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णन, आहे की नाही एवढं बघतं, तो मजकूर अर्थाचा आहे का हे त्याला कळत नाही. मी त्याला माउस काढून ठेवायला सांगितलं आणि म्हटलं, आता तूच भर. जन्मतारखेपाशी तो अडला. कॅलेंडर फक्त क्लिकने उघडत होतं आणि तारीख टाइप करायची सोय नव्हती. जिल्ह्यांची यादी टॅबला दादच देईना. आणि त्याला तर सगळं दिसत होतं! ताईंना त्याआधीच, नावाच्या रकान्यापाशी, ‘एडिट, ब्लँक’ एवढंच ऐकू आलं होतं. शेजारी ‘अर्जदाराचे नाव’ लिहिलेलं होतं, पण लेबल रकान्याला जोडलेलं नव्हतं.

खरा धक्का माहितीपुस्तिकेने दिला. पीडीएफ दिसायला स्वच्छ मराठी. ताईंनी उघडली, तर एनव्हीडीए इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बडबडायला लागला. दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकल्या, तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. पुस्तिका छापखान्यातल्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली होती. त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, वर फक्त देवनागरीचे आकार. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेत देणारं युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली, तरी आपल्याकडे हा मजकूर अजून सर्रास फिरतोय. तो वाचता येत नाही, शोधता येत नाही, आणि याची हळहळ वाटायला आपण अंध असायची गरज नाही.

संस्थेचे व्यवस्थापक मधेच म्हणाले, ‘अंध मुलं आमच्याकडे फारशी येत नाहीत हो.’ मी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चा विषय काढला. ३० एप्रिल २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानलाय, हेही सांगितलं. ते ऐकत होते, पण कायद्याने फारसा फरक पडला नाही. मग ताईंनी त्यांच्या कॉलेजप्रवेशाचं सांगितलं. फॉर्म सायबर कॅफेवाल्याने भरला होता. आधार क्रमांक, वडिलांचं उत्पन्न, ओटीपी, सगळं त्याच्यापुढे मोठ्याने सांगावं लागलं, मागे रांग उभी. पासवर्डही त्यानेच ठेवला. ‘माझा अर्ज मला माझ्या हाताने भरायचा होता, सर,’ त्या म्हणाल्या. व्यवस्थापकांनी लगेच कंपनीच्या मुलांना विचारलं, ‘किती दिवस लागतील?’

डिव्हची बटणं आणि जिल्ह्यांची यादी त्यांनी त्याच दुपारी बदलली, लेबलंही जोडली. चूक झाली की रकान्याची कड नुसती लाल व्हायची. आता खाली ‘मोबाइल क्रमांक दहा अंकी हवा’ असं लिहून येतं आणि स्क्रीन रीडर ते वाचतो. पांढऱ्यावरच्या फिकट करड्या सूचना गडद केल्या. डब्ल्यूसीएजी या वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, लागतो, तिथे आधी तीनसुद्धा भरत नव्हता. पुस्तिका युनिकोडमध्ये नव्याने टाइप करायला दिली.

चित्रातली वाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा मात्र अजून तसाच आहे. तो बाहेरून घेतलेला, त्याला ऐकण्याचा पर्याय नाही. तो काढून मोबाइलवरच्या ओटीपीवर काम भागवा, असं मी अहवालात पहिल्याच पानावर लिहिलंय. अर्जाची मुदत सुरू व्हायच्या आत तो निघायला हवा, म्हणून व्यवस्थापकांना रोज फोन करतोय.