उन्हाळ्यातली ताई

गेली चौदा वर्षं ताई डिसेंबरात पुण्याला येते. पहिले चार दिवस झोपून काढते. मग पोट बिघडतं. मग आईचा जुना गाऊन घालून सोफ्यावर पाय घेऊन बसते आणि काहीही विचारलं तरी "तुम्हीच ठरवा ना" म्हणते. लक्ष्मी रस्ता ओलांडताना माझा दंड असा धरते की वळ उठावा. हिचं तिकडे परदेशात कसं होत असेल, ही आईची कायमची काळजी.

शेवटी गेल्या जूनमध्ये आईला घेऊन तिच्याकडे गेलो. पॅरिसहून आगगाडीने दोनेक तासांवर शातोरू आणि तिथून पुढे गाडीने ब्रेन. ब्रेन हे त्या मुलखाचं नाव. "म्हणजे मेंदूतच जायचंय का?" आईने विचारून घेतलं.

हा सगळा तळ्यांचा प्रदेश. हजारांवर तळी, आणि बहुतेक सगळी माणसानेच केलेली. जमीन हलकी, शेतीला फारशी कामाची नाही; पण खाली चिकणमाती असल्याने पाणी धरून ठेवते. मध्ययुगात मठांतल्या साधूंनी बांध घालून तळी केली आणि त्यांत मासे पाळले, कारण उपासाला मांस वर्ज्य, मासे मात्र चालत. हे ऐकून आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि मी पन्नास वर्षं साबुदाणा भिजवतेय!" मासे आजही पाळतात. थंडीच्या सुमारास एकेक तळं रिकामं करून कार्प काढतात.

सगळ्यात मोठ्या तळ्याचं नाव चक्क 'तांबडा समुद्र'. धर्मयुद्धावर गेलेला इथला कुणी सरदार त्या बाजूला कैदेत होता, सुटून घरी आला आणि त्याने आपल्या तळ्याला ते नाव दिलं, असं सांगतात. आम्हाला यात नवल वाटलं नाही. ताईच्या फाटकावर 'मोरया' लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला दारावर थाप. दारात ताई. बूट चढवलेले, गळ्यात दुर्बीण. पुण्यात दहाच्या आत डोळा न उघडणारी बाई! आम्ही शेरीनच्या राखीव क्षेत्रातल्या एका लपणात जाऊन बसलो. लपण म्हणजे लाकडी खोपटं. समोर आडवी फट, फटीपलीकडे तळं. बाक एक, दुर्बिणी दोन आणि माणसं पाच: आई, ताई, भावजी, नऊ वर्षांची भाची आणि मी. भावजी मुळात कमी बोलणारे, त्यामुळे लपणात ते सगळ्यांत सुखी दिसत होते. आईला मात्र कुजबुजणं जमत नाही. तिचं कुजबुजणं पलीकडच्या काठावरच्या जांभळ्या बगळ्यापर्यंत पोचलं. त्याने मान ताठ केली आणि उडून गेला.

मधोमध पांढऱ्या कुमुदांची पानं पसरली होती आणि त्यांवर काड्याकुड्या रचून एका पक्ष्याची वसाहतच मांडलेली. घरटं असं म्हणायचं, इतकंच. पाणी हललं की सगळा संसार हलायचा. डोक्याला काळीभोर टोपी, गालावर पांढरा पट्टा, पोट काजळी राखाडी, चोच लालभडक. एक जण चोचीत चतुर धरून आला, पानावरच्या ठिपकेदार पिल्लाच्या तोंडात तो कोंबला आणि लगेच गिरकी घेऊन गेला. मी उजनीकाठच्या भिगवणला पक्षी बघायला वर्षानुवर्षं जाणारा माणूस. मोठ्या ऐटीत म्हणालो, "हा आपल्याकडे नाही."

"दर हिवाळ्यात बघतोस की रे," ताई म्हणाली. "कल्लेदार सुरय."

माझा विश्वास बसेना. उजनीवरचा सुरय मला चांगला ठाऊक आहे. फिकट, पांढुरका, काळ्या चोचीचा, डोक्यावर टक्कल पडत आल्यासारखा. तो हाच? हाच, म्हणे. ही काळी टोपी आणि लाल चोच विणीच्या दिवसांपुरती. थंडीत आपल्याकडे येतो तो सगळं उतरवून. मी लगेच, "म्हणजे हेच आपल्याकडे येतात!" भावजींनी शांतपणे मान हलवली. इथले आफ्रिकेत जातात. तुमच्याकडचे वेगळे. जात तेवढी एक.

फ्रेंचमध्ये याला 'गिफेत मुस्ताक' म्हणतात. आपल्याला त्याचे कल्ले दिसले, त्यांना मिशा. आईच्या डोक्यात मात्र तो मुश्ताक अली म्हणूनच बसला.

त्या संध्याकाळी घरी येताना ताईने एकदम गाडी थांबवली. रस्त्यावर कासव होतं. ताटलीएवढं, काळं, अंगभर पिवळे शिंतोडे. या दिवसांत माद्या तळ्यातून निघून अंडी घालायला कोरड्या माळाकडे जातात आणि वाटेत रस्ते येतात. ताई उतरली, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरला तिने नुसता तळहात दाखवला. एवढं धूड थांबलं. वरून शेतकऱ्याने काहीतरी म्हटलं, हिने त्याच्या दुप्पट म्हटलं. त्याने हसून इंजिन बंद केलं. कासवाला घाई नव्हती. चार पावलं चालायचं, मान काढून बघायचं, पुन्हा चार पावलं. गवतात पुरतं दिसेनासं होईपर्यंत ताई तिथेच, कमरेवर हात ठेवून.

आईने काच खाली केली होती. बराच वेळ बघत होती. "ही अशी चौथीत होती," म्हणाली.

डिसेंबरात मंडळी नेहमीसारखी पुण्यात आली. जानेवारीत एका रविवारी सगळे भिगवणला गेलो. होडीत गारठा होता. जाळ्यासाठी रोवलेल्या बांबूवर एक फिकट पक्षी अंग फुगवून बसला होता. मी दुर्बीण काढेपर्यंत भाची ओरडली, "आजी, मुस्ताक!"

ताईला दाखवायला वळलो. आईची शाल डोक्यावरून घेऊन, आईच्याच खांद्यावर मान टाकून ती गाढ झोपली होती.