गुलमोहराखाली मावळे नकोत
दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा मी वाचते, आणि ऐतिहासिक कथा असली की आधी झाडं बघते. शिवकाळातला हेर हमखास गुलमोहराखाली थांबतो. अहो, गुलमोहर मूळचा मादागास्करचा, आपल्याकडे आला एकोणिसाव्या शतकात! लालच रंग हवा तर फाल्गुनात पळस, पांगारा, सावर आहेत की. लपायला घाणेरीही चालणार नाही, तीसुद्धा इंग्रजांच्या काळातली पाहुणी. त्यापेक्षा कारवी घ्या. पुरुषभर उंच, दाट, सात वर्षांनी एकदा फुलणारी. तिच्या काठ्यांचे कूड बांधतात, म्हणजे हेराला आडोसाही मिळाला आणि झोपडीही. शिवाय काळ दाखवायला तारखा नकोत: मागच्या बहराला पाळण्यात असलेलं पोर आता गुरं राखतंय, एवढं पुरे.

रात्री शेकरू ओरडवू नका. ते दिवसाचं जनावर, अंधारात घरट्यात झोपतं. दचकवायचंच असेल तर भेकर आहे. बिबट्याची चाहूल लागली की कुत्र्यासारखं भुंकत सुटतं.

एका कथेत पहारेकरी भाकरीबरोबर मिरची खातो. ती मी राहू दिली. मिरची पोर्तुगिजांबरोबर त्याआधीच आली होती.