कोणता म्हातारा?

खेळाचं नाव लिहिता येणार नाही, करारावर सही आहे माझी. एवढं सांगते की अंतराळातला अ‍ॅक्शन आरपीजी आहे, म्हणजे एक भूमिका घेऊन लढत, ताकद वाढवत खेळायचा खेळ. मोडकळीला आलेलं एक मालवाहू जहाज, त्यावर चार माणसं आणि खेळणारा म्हणजे त्यांचा कॅप्टन. मूळ कंपनी परदेशातली. आम्ही रबाळ्याच्या एमआयडीसीत बसून त्यातला काही भाग करतो आणि अधूनमधून बाहेरची आठ माणसं बोलावून त्यांच्याकडून खेळून घेतो. ती कुठे अडतात, कशावर चिडतात, कुठे जांभई देतात ते टिपणं हे माझं काम. आईला अजून वाटतं की मी पोरांना व्हिडिओ गेम खेळायला बसवते आणि त्याचा पगार घेते. तसं फारसं चूक नाही ते.

जुलैतला रविवार होता. टेस्ट साडेअकराची ठेवली होती. पण अकरानंतर ट्रान्सहार्बरवर मेगाब्लॉक, त्यात रात्रभर पाऊस, विटाव्याच्या पुलाखाली पाणी साचलंय अशी बातमी. त्यामुळे सगळ्यांनी शहाणपणा केला आणि दहालाच दारात येऊन उभे राहिले. ओल्या छत्र्या, ओले बूट आणि माझी मशिनं अजून तयार व्हायची होती.

आठ मशिनांवर नवं बिल्ड, म्हणजे खेळाची ताजी प्रत, टाकायचं होतं. एकेकाला वीस मिनिटं लागतात. चार नंबरच्या मशिनावर कॉपी नव्वदीच्या पुढे गेली असताना त्याचे हेडफोन एकाच कानात वाजतायत असं लक्षात आलं. वायर बदलायला गेले आणि शेजारची हार्ड डिस्क सुटली. पुन्हा लावते म्हटलं, तेवढ्यात सात नंबरचे काका विचारायला लागले, ‘मॅडम, टॉयलेट कुठे?’ त्यांना दाखवून आले, पाणी मागवलं, सह्या घेतल्या. सगळ्यांना बसवलं. बिल्डचा नंबर स्क्रीनच्या कोपऱ्यात करड्या रंगात, बारीक अक्षरांत असतो. तो आठही ठिकाणी बघणं हे माझ्या यादीतलं पहिलंच काम. त्या दिवशी मी ते केलं नाही.

आम्ही खेळणाऱ्यांना नंबरानेच ओळखतो. नावं लिहायची नाहीत असा नियम आहे, आणि खरं सांगायचं तर नंबरच लक्षात राहतात. दोन नंबर कोपरखैरण्याची, आर्किटेक्चर शिकणारी. असले खेळ कोळून प्यायलेली. सात नंबरचे काका बँकेतून निवृत्तीला आलेले, मुलाने नाव नोंदवलं आणि ऐन वेळी मुलगा आला नाही म्हणून स्वतः आले. चार नंबर कळव्याचा, विशीतला. एका गोदामात रात्रपाळी करून थेट आलेला. तो झोपणार अशी मला खात्री होती.

तीन तास खेळ झाला. मी मागून फिरत होते. चार नंबरच्या मागून दोनदा गेले. स्क्रीनवर जहाजाची खिडकी, बाहेर सरकणारे तारे आणि पोरगं मांडीवरच्या मोबाईलकडे बघतंय. मी वहीत लिहिलं, ‘४ – मोबाईल.’ जे दिसलं ते लिहिलं. त्या खिडकीसमोर तो इतका वेळ बसूच कसा शकतो, हे डोक्यात आलं नाही.

मग फॉर्म, वडापाव आणि गोल करून गप्पा. फॉर्मवर माणसं शहाण्यासारखी लिहितात. वडापाव हातात आला की खरं बोलतात.

सुरुवात कौतुकाने झाली. आमच्या खेळात गुरुत्वाकर्षण नसलेल्या जागी गोळी झाडली की धक्क्याने तुम्हीच मागे फेकले जाता. आधी बुटांचं चुंबक चालू करून पाय भिंतीला रोवायचे, मग झाडायची. हे सगळ्यांना भयंकर आवडलं. एक नंबर म्हणाला, ‘मी तर मुद्दाम चुंबक बंद ठेवून उलट्या दिशेला गोळ्या मारत उडत होतो.’ आम्ही तसा विचारच केला नव्हता. काका पहिला अर्धा तास छताला चिकटून होते आणि तरीही खूश होते.

तक्रारी सुरू झाल्या तसं खुर्च्यांचं वर्तुळ लहान झालं. लूट फार. बंदुका ढीगभर आणि दोन बंदुकांत फरक दोन टक्क्यांचा. ‘भाजी निवडल्यासारखं वाटतं,’ असं सहा नंबर म्हणाली. तुमची लेव्हल वाढली की शत्रूंचीही वाढते, मग वाढवून मिळालं काय? ‘पगारवाढ झाली आणि भाडंही वाढलं,’ हे काकांचं. गोळ्या भरताना लोळण घेतली की भरणं पहिल्यापासून. अक्षरं बारीक. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं, पण दहाव्यांदा ऐकल्यावर त्याचं वजन वाढतं, म्हणून लिहून घेत होते.

कथेचा विषय निघाला. पाच नंबर म्हणाला, ‘कथा ठीक. ग्रहावर उतरा, मारा, परत या.’ बाकीच्यांनी माना डोलावल्या.

तेव्हा चार नंबर पहिल्यांदा बोलला. ‘तो म्हातारा मेला तेव्हा मला वाईट वाटलं, ताई.’

‘कोणता म्हातारा?’ पाच नंबरने विचारलं.

‘इंजिनियर.’

‘हिरवा जॅकेटवाला? त्याची गन काढून घेतली मी. चांगली होती.’

सगळे हसले. चार नंबरही हसला, पण मग सांगायला लागला. तो म्हातारा प्रत्येक ग्रहावरची चिमूटभर माती काचेच्या बाटलीत भरून ठेवतो. इंजिनच्या खोलीत फळीवर बाटल्या आहेत. एका बाटलीत माती नाही, ती रिकामी का असं कॅप्टनने विचारलं तर उत्तर देत नाही. तिसऱ्या प्रवासात स्वतःहून सांगतो. ‘मला इंग्लिश अर्धंच कळलं, सबटायटल वाचत होतो. पण जहाज वळलं की त्या बाटल्या वाजतात ना, किणकिण. तो मेल्यावर परत निघालो, कोणीच काही बोलत नव्हतं. तेव्हा पण वाजत होत्या.’

खोली शांत झाली. दोन नंबर माझ्याकडे वळून म्हणाली, ‘ताई, हे आम्हाला का नाही दिसलं?’ पाच नंबरचं मत पडलं की हा थापा मारतोय.

थापा नव्हत्या. माझ्या पोटात गोळा आला, कारण ते प्रवास आम्ही कापले होते.

थोडं मागचं सांगायला हवं. मे महिन्यातल्या टेस्टमध्ये अंतराळ स्थानकावरून ग्रहावर जायला सुमारे दीड मिनिट लागायचं. तेवढा वेळ जहाजात हिंडा, खलाशांचं बोलणं ऐका, नाहीतर खिडकीत बसा. आठांपैकी सहा जणांनी ‘कंटाळवाणं’ म्हणून लिहिलं. मी अहवालात पहिलीच सूचना ठळक अक्षरांत केली: प्रवास काढावा, थेट उतरण्याची सोय द्यावी. तेव्हाचा खेळ दोन तासांतच संपत होता, म्हातारा मरायच्या आधी. जूनच्या बिल्डमध्ये त्याचं मरण आलं, पण ते बाहेरच्या कुणाला दाखवलंच नाही. जुलैत प्रवास गेला. नकाशावर बटण दाबा, पाच-सहा सेकंद लोडिंग, उतरा. म्हाताऱ्याचं बोलणं जहाजात ठेवलं होतं, कुणी इंजिनच्या खोलीत गेलं तर ऐकू येईल. सातांपैकी कुणीही गेलं नव्हतं. कशाला जातील?

चार नंबरच्या मशिनावर जूनचं बिल्ड राहिलं होतं. तीन तासांत असे पाच प्रवास होतात, म्हणजे सगळे मिळून साडेसात मिनिटं. आणि ती बाटल्यांची किणकिण त्याच्या मरणानंतर कुणी मुद्दाम ठेवलेली नव्हती. आवाज बंद करायचा राहिला होता. आमच्या बगांच्या, म्हणजे खेळातल्या चुकांच्या, यादीत तो रीतसर नोंदवलेला होता, महत्त्व कमी.

दोन नंबरला मी बिल्डबद्दल काही सांगितलं नाही, तरी तिने नाडी पकडली. ‘मास इफेक्टच्या लिफ्टसारखं झालंय का काही?’ म्हणाली. पाच नंबरला तो संदर्भ लागेना, मग तिनेच समजावलं. मास इफेक्ट हाही अंतराळातलाच आरपीजी. २००७ साली त्याचा पहिला भाग आला तेव्हा त्यात लिफ्ट होत्या, लांबच लांब, संथ. लिफ्ट म्हणजे खरं तर पुढचा भाग लोड होईपर्यंतचा पडदा. लोकांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. पण त्या लिफ्टमध्ये तुमच्यासोबतची दोन माणसं एकमेकांशी बोलायची, बातम्या लागायच्या. २०१० च्या दुसऱ्या भागात लिफ्टच्या जागी सरळ लोडिंग स्क्रीन आल्या आणि मग लोक म्हणायला लागले, त्या गप्पा कुठे गेल्या? २०२१ मध्ये तीनही भागांची नवी आवृत्ती निघाली तेव्हा लिफ्ट वेगवान केल्या आणि लोडिंग झालं की पुढे जायची मुभा दिली. ऐकायचं त्याने ऐकावं.

‘गाडीचंही तेच,’ मी म्हटलं. मला राहवलं नाही, खरं तर मी गप्प बसायचं असतं. पहिल्या भागात माको नावाची सहा चाकी गाडी होती, डोंगरावर चेंडूसारखी उड्या मारणारी. शिव्या पडल्या म्हणून दुसऱ्या भागातून काढली आणि त्या जागी काय आलं, तर कक्षेतून ग्रहावर कर्सर फिरवत खनिजं हुडकणं. रोगापेक्षा औषध जालीम. पहिल्या भागात दीडशे वस्तूंचं गबाळ सांभाळावं लागायचं, त्याचीही तक्रार झाली, तर दुसऱ्यात गबाळासकट थैलीच गेली. तिसऱ्या भागात बंदुकांचे सुटे भाग जोडायची सोय परत आली तेव्हा कुठे तोल साधला.

एक नंबरला स्टारफील्ड नावाचा खेळ आठवला. २०२३ चा, हजारावर ग्रहांचा. ‘ग्रह एवढे, पण मला वाटायचं मी मेनूतच फिरतोय.’ जमिनीवर फिरायला गाडी मिळायला त्यात पुढच्या वर्षीचा ऑगस्ट उजाडला, हेही त्यानेच सांगितलं. काका इतका वेळ ऐकत होते. म्हणाले, ‘मग त्या मुलाला मिळालं ते आम्हाला परत लावून द्या की. थांबतो मी.’

नाही लावता आलं. तेवढा वेळ नव्हता आणि हिंमतही नव्हती.

सगळे गेल्यावर चार नंबरचा फॉर्म काढला. कथेला पाचपैकी पाच. बाकी सातांचे दोन आणि तीन. आणि प्रवासाला? पाचपैकी दोन. खाली लिहिलेलं, ‘प्रवास लांब आहे, बोर होतं, स्किप द्या.’

तो फॉर्म हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिले. ज्याला म्हातारा भेटला त्यालाही प्रवास नकोच होता. मे महिन्यातले सहा जण खोटं बोलले नव्हते, आणि मी लिहिलं तेही खोटं नव्हतं. फक्त मी विचारलं होतं, ‘प्रवास कसा वाटला?’ पायऱ्या चढताना दम लागला का असं विचारलं तर कोण नाही म्हणेल?

आमच्या टीमच्या प्रमुखांना, लीडना, फोन केला. ते मुलीला नाचाच्या क्लासला घेऊन गेले होते, मागे तबला ऐकू येत होता. ‘सर, चार नंबरवर जुनं बिल्ड होतं. माझी चूक.’

‘मग वगळ त्याला. सातांचा रिपोर्ट पाठव.’

नियमाने तेच बरोबर होतं. चुकीच्या बिल्डवरची माहिती अहवालात मिसळायची नसते. आणि वगळलं असतं तर माझी चूक एका तळटीपेत मावली असती आणि मे महिन्यातली माझी ठळक अक्षरं कुणी पुन्हा काढून वाचली नसती. हा विचार आला, नाही म्हणत नाही. म्हटलं, ‘सर, सातांचा पाठवते, पण चार नंबरचं एक वेगळं पान जोडते. गप्पांची रेकॉर्डिंगही आहे.’ तबल्याचे दोन ठेके गेले. ‘जोड,’ म्हणाले, ‘पण एका पोरावरून कुणी काही ठरवणार नाही.’

सोमवारी काय झालं ते आधीच सांगून टाकते. लीडचं म्हणणं खरं ठरलं, कुणी काही ठरवलं नाही. परदेशातल्या कथालेखिकेने मात्र ती ‘कोणता म्हातारा?’वाली क्लिप मागवून घेतली आणि चार दिवस आमच्याकडे मेलांचा पाऊस पडला. एक पक्ष म्हणतो, पहिले तीन प्रवास सक्तीचे ठेवा, पुढे बटण दाबून धरलं की स्किप. दुसरा म्हणतो, म्हाताऱ्याचं बोलणं लढाईच्या मध्येच घाला. (गोळ्यांच्या आवाजात कोण ऐकणार? पण ते माझं खातं नाही.) पुढच्या टेस्टला चार मशिनांवर एक बिल्ड आणि चारांवर दुसरं असं लावायचं आहे, या वेळी ठरवून. किणकिणीचा बग यादीतून काढलाय. शेऱ्यात लिहिलंय, ‘असू दे.’

रविवारी संध्याकाळी ऑफिस बंद करून स्टेशनवर आले. ब्लॉक संपला होता, पाऊस थांबला होता. ठाण्याच्या बाजूच्या प्लॅटफॉर्मवर बाकावर चार नंबर बसलेला, अर्धा झोपेत. मी म्हटलं, ‘अरे, तू अजून इथेच?’

‘झोप लागली, ताई. दोन गाड्या गेल्या.’ मग सरळ बसला. ‘एक विचारू? त्याला वाचवता येतं का? मी कुठे काही चुकीचं दाबलं का?’

वाचवता येत नाही. पटकथेतच मरतो तो, काहीही दाबा. पण करारावर सही होती.

‘सांगता येत नाही रे.’

‘म्हणजे येतं,’ तो म्हणाला, आणि गाडीचा उजेड दिसला तसा उठून उभा राहिला.