गर्दी झाली की राऊटर बसतो, तेव्हा

आज राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत हेच काम होतं. सकाळी नेट सुरळीत, संध्याकाळी पोरं जमली की राऊटर रिस्टार्ट. अशा वेळी लगेच नवा घेऊ नका, आधी दिवे बघा. सगळे एकदम विझून पुन्हा लागत असतील तर पहिला संशय अडॅप्टरवर. १२ व्होल्टचा अडॅप्टर मोकळा, म्हणजे राऊटरला न जोडता मोजला तर बहुतेक वेळा १२ व्होल्ट दाखवतोच. लोड असताना, म्हणजे राऊटर जोडून चालू असताना मोजा. ११.४ च्या खाली उतरला तर बदला, बहुतेक आतले कपॅसिटर थकलेले असतात. नवा घेताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, पिनची पोलॅरिटी (प्लस आत की बाहेर) तीच. इथं अडॅप्टरच खराब निघाला.

दिवे चालू पण नेट ठप्प? लॅपटॉप केबलनं जोडून राऊटरलाच पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का बघा. उत्तरच नाही तर तो अडकलाय. हात लावून बघा, कपाटात कोंडलेला राऊटर तापतो. उत्तर येतंय, चालू व्हिडिओ चालतोय, पण नवं पान उघडत नाही, तर बहुतेक नॅट टेबल, म्हणजे राऊटर ठेवतो ती चालू कनेक्शनची यादी, भरलंय. फाइली उतरवायचं टोरेंट शेकडो कनेक्शन उघडतं. नुसता स्पीड कमी करून भागत नाही, टोरेंटच्या सेटिंगमध्ये कनेक्शनची मर्यादा २०० वर आणा.

फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट मात्र केबलवरूनच, आणि लाइट जाणार नाही अशा वेळी.