मराठी निवडली आणि बेरीज गेली

सांगलीत बसून मी एका ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे अशा, प्रकल्पातलं भाषांचं काम बघतो. शीतगृहात माल ठेवणं, काढणं आणि त्याच्या पावत्या करणं, एवढंच त्या सॉफ्टवेअरचं काम. मराठी, कन्नड, हिंदी, बंगाली, नेपाळी भाषांतर करणारी माणसं आपापल्या गावातून फावल्या वेळात राबतात. कोणती वाक्यं बदलली, कुणाचं तपासून झालं, रिलीजआधी मजकुरातले बदल कधी थांबवायचे, ही मोट बांधायची माझ्याकडे.

मराठीचं भाषांतर पूर्ण झालं आणि तासगावातल्या बेदाण्याच्या एका शीतगृहानं ती आवृत्ती सुरू केली. त्याच सकाळी दिवाणजींचा फोन. "साहेब, वजनं बरोबर दिसत्यात, पण खाली बेरीजच येईना. कसली तरी इंग्रजी अक्षरं आल्यात." गाडी भरून दारात उभी होती. मी त्यांना भाषा तात्पुरती इंग्रजी करायला सांगितली. बेरीज आली, पावती निघाली, गाडी गेली. मग मी तासगाव गाठलं.

पडद्यावर प्रत्येक ओळीत '१,२४५' असं स्वच्छ वजन, आणि एकूणच्या चौकटीत 'एनएएन'. म्हणजे ही संख्याच नाही, असं जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचं म्हणणं. भाषांतरात काहीच चुकलेलं नव्हतं. जत तालुक्यातल्या एका गोदामात हेच सॉफ्टवेअर कन्नडमध्ये बिनतक्रार चालत होतं, म्हणून तर कोडं जास्त.

उत्तर अंकांत होतं. कोणत्या भाषेत तारीख, संख्या कशी लिहायची याचा सीएलडीआर नावाचा माहितीसाठा, जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी युनिकोड संस्था सांभाळते आणि ब्राउझर तो वापरतात. त्यात मराठीसाठी देवनागरी अंक ठरलेले आहेत. हिंदी आणि कन्नडसाठी मात्र इंग्रजी वळणाचे. आमचा कोड पडद्यावरचं वजन उचलायचा, त्यातले स्वल्पविराम काढायचा आणि बेरीज करायचा. स्वल्पविराम गेले तरी '१२४५' ही जावास्क्रिप्टच्या लेखी नुसती अक्षरंच, कारण मजकुराची संख्या करताना ते देवनागरी अंक ओळखत नाही.

प्रकल्पाच्या चर्चेत एकानं झटपट उपाय सुचवला: भाषेच्या संकेताला एक शेपूट जोडा, मराठीतही इंग्रजी अंक येतील. त्यानं बेरीज नक्कीच आली असती. पण तो मला पटला नाही आणि मी तसं स्पष्ट लिहिलं. शेतकऱ्याच्या हातात जाणाऱ्या पावतीवर मराठी अंक हवेत, हे दिवाणजींनीच सांगितलं होतं. त्याच वेळी वजनकाट्याचा आकडा इंग्रजीत दिसतो, म्हणून नोंद करताना पडद्यावर त्यांना तेच अंक सोयीचे. म्हणजे अंक कोणते, हे भाषेवरून परस्पर ठरवायचंच नाही. तो वेगळा पर्याय हवा, पडद्याला वेगळा आणि पावतीला वेगळा.

बेरजेचा मूळ दोषही मुळातूनच काढला. संख्या आत संख्या म्हणूनच राहील, हिशोब तिच्यावरच होईल आणि अगदी शेवटी, दाखवताना तिला भाषेचं रूप मिळेल. कुणी कीबोर्डवरून ७५ असं मराठीत टाकलं तरी ते स्वीकारायचं. देवनागरी शून्य ते नऊ युनिकोडमध्ये सलग आहेत, त्यामुळे तेवढा भाग सोपा गेला.

रात्री नेपाळी भाषांतर करणाऱ्या भाऊंचा निरोप आला. त्यांच्याकडेही एकूणची चौकट अशीच बिघडलेली होती. भाषांतर अर्धवट असल्यामुळे असेल, असं समजून ते गप्प राहिले होते. नेपाळीचेही ठरलेले अंक देवनागरीच. बंगालीत तपासलं, तिथेही तोच प्रकार, बंगाली अंकांमुळे. हे वाचून मला फार वाईट वाटलं. फुकट वेळ देणारा माणूस प्रोग्रॅमचा दोष आपल्या अंगावर घेत होता, आणि त्याला विचारणारं कुणी नव्हतं.

म्हणून दोन गोष्टी मी तेव्हाच प्रकल्पाच्या नियमांत घालून घेतल्या. पावतीची तीच चाचणी प्रत्येक भाषेत आपोआप चालेल, एका भाषेत जरी अडली तरी रिलीज थांबेल. आणि प्रत्येक भाषेला भाषांतरकाराबरोबर एक रोज वापरणारा माणूस जोडलेला असेल. मराठीसाठी दिवाणजींनी होकार दिला.

अंकांचा पर्याय मुख्य कोडमध्ये मर्ज झाल्यावर कन्नडच्या ताईंनी लगेच विचारलं, "मग आमच्या पावतीवर कन्नड अंक का नकोत?" त्यासाठी अंकांच्या पर्यायांच्या यादीत एक ओळ वाढवावी लागली.