पद्मिनीचा चातुर्मास: हवा आत, उंदीर बाहेर

रोहिणी, मे अखेर

बर्फाच्या देशांत जुन्या गाड्या हिवाळ्यात झाकून ठेवतात, कारण रस्त्यावर टाकलेलं मीठ पत्रा खातं. पुण्यात थंडी म्हणजे उलट गाडी फिरवायचे दिवस. आपला बंद हंगाम पावसाळ्याचा. आमची 1978 ची प्रीमियर पद्मिनी रोहिणी नक्षत्र लागलं की शेवटची लांब फेरी मारते आणि मग दसऱ्याच्या पूजेलाच बाहेर येते. यंदाच्या चार महिन्यांची ही नोंद, जुन्या फियाट-अॅम्बॅसेडरवाल्या मंडळींसाठी.

या काळात गाडीला दोन शत्रू असतात, दमट हवा आणि उंदीर. पंचाईत अशी की दोघांवरचे उपाय एकमेकांच्या विरोधात जातात. गंज नको असेल तर हवा खेळती पाहिजे, उंदीर नको असतील तर सगळं गच्च बंद पाहिजे. बहुतेक जण एकाच बाजूचा विचार करतात. कुणी गाडी प्लास्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळतो आणि आत घाम धरतो, कुणी खिडक्या उघड्या ठेवतो आणि सीटमधल्या काथ्याचं घरटं होतं. मी यंदा सगळी मेहनत याच एका गोष्टीवर घेतली आहे: हवा जाईल, उंदीर जाणार नाही.

गॅरेज सहकारनगरमध्ये, तळजाई टेकडीच्या अंगाला. जुना बंगला, वर मंगलोरी कौलं, खाली शहाबादी फरशी, पुढे लोखंडी शटर, मागच्या भिंतीत गजांची एक खिडकी. पहिला जोराचा पाऊस झाला की बिळांत पाणी शिरतं आणि घुशी-उंदीर कोरडी जागा शोधत घरांकडे सरकतात. म्हणून त्यांचं काम मृगाच्या आधीच उरकायला हवं.

सुरुवात गव्हापासून केली. वर्षाचा गहू आई मे महिन्यात उन्हं देऊन कोठीत भरते आणि ती कोठी आजवर गॅरेजमध्ये असायची. "आई, यंदा कोठी घरात घेऊ या का?" म्हटल्यावर तिने माळ्याखालची जागा मोकळी करून दिली. रद्दीचे गठ्ठे आणि गोणपाटंही गेली. गाडीच्या सीटच्या खाचांतून शेंगदाणे आणि फरसाणाचा चुरा निघाला, तो व्हॅक्यूमने ओढून घेतला. धान्याची कोठी शेजारी असेल तर पुढच्या कुठल्याही उपायाला अर्थ नाही.

मग शंखजिरं, म्हणजे टाल्कचा मऊ पांढरा दगड. ही युक्ती प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं. रात्री भिंतीच्या कडेने, शटरखाली आणि खिडकीच्या कठड्यावर शंखजिऱ्याची पूड चाळणीने पातळ भुरभुरवायची. सकाळी फरशीला समांतर टॉर्च धरला की ठसे उठून दिसतात. उंदराच्या पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच, आणि मधून शेपटीची बारीक रेघ. शटरची पट्टी जिथे भिंतीतल्या खाचेत जाते, त्या कोपऱ्यातून असे ठसे थेट मागच्या चाकापर्यंत गेले होते. खिडकीखाली मात्र चारही पायांना पाच-पाच बोटं दिसली. ती चिचुंद्री. ती झुरळं आणि किडे खाते, वायरिंगच्या वाटेला जात नाही, तेव्हा तिला मारायचं कारण नाही. वर वाशाच्या टोकाला भिंतीवर काळपट तेलकट पट्टा होता. रोज एकाच वाटेने जाणाऱ्या उंदरांचं अंग घासून असा पट्टा पडतो. म्हणजे ये-जा खालूनही होती आणि कौलांखालूनही.

वाटा कळल्यावर बोहरी आळीतला हार्डवेअरचा बाजार गाठला. घरातला लहान उंदीर 6 मिलिमीटरच्या फटीतून आत येतो. शिसपेन्सिल जाईल ती फट उघडी, असाच हिशोब धरायचा. म्हणून जस्ताची वेल्डेड जाळी पाव इंचीच घेतली. अर्ध्या इंचीतून मोठा उंदीर अडतो, लहान पिल्लं आरामात येतात. खिडकीला जाळी आतून चौकटीवर पट्ट्या ठोकून बसवली. भिंत आणि कौलं यांच्यामधल्या फटीला लांबलचक जाळी वाकवून भरली. हे काम शिडीवर उभं राहून, मान वर करून करावं लागतं आणि किचकट आहे, पण गॅरेजचा खरा श्वास याच फटीतून चालतो. इथे सिमेंट भरलं असतं तर उंदरांबरोबर हवाही अडली असती. आता खालच्या खिडकीतून वारा येतो आणि वरून बाहेर पडतो.

शटरच्या खाली नुसता रबर चालत नाही, रात्रीत कुरतडतात. रबरावर बाहेरून पत्र्याची पट्टी रिव्हेट मारून बसवली. पाइपाभोवतीच्या भोकांत भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची तार कोंबून वर सिमेंट केलं. साध्या लोखंडी तारेची पावसाळाभरात गंजून माती होते. फरशीचे सांधे उकरून काचेचे तुकडे आणि सिमेंट भरलं, कारण घूस खालून पोखरत येते. कौलांवर टेकलेली आंब्याची फांदी तीन-चार फूट मागे छाटून घेतली.

मृग

गाडीचं काम तुलनेने सरळ आहे, त्यामुळे थोडक्यात लिहितो. खालून-वरून धुतली, मडगार्डच्या आतली माती काढली, दारांची आणि सिलची (दाराखालच्या पोकळ पट्टीची) पाणी जायची भोकं तारेने मोकळी केली. मग कोरड्या दिवशी दिवेघाटापर्यंत जाऊन आलो, म्हणजे सांध्यांतलं पाणी उडालं आणि इंजिन पुरतं तापलं. गरम असतानाच ऑइल बदललं. जुन्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओलावा असतो, तो चार महिने बेअरिंगवर बसू द्यायचा नसतो.

पेट्रोलबद्दल मात्र सविस्तर. आता पंपावर ई-20 मिळतं, म्हणजे 20 टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. जुन्या गाडीचे रबरी होज आणि डायफ्रॅम या इंधनासाठी बनलेले नाहीत. मी होज बदलून इथेनॉल चालणारे घातले. टाकी वरपर्यंत भरली, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी. कार्बोरेटर मात्र कोरडा केला: टाकीकडून येणारा होज काढून बूच मारलं आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं. वर्षभर गाडी उभी राहणार असेल तर टाकीही रिकामी केलेलीच बरी.

टायरमध्ये नेहमीपेक्षा 6 ते 8 पीएसआय जास्त हवा. हँडब्रेक सोडलेला, चाकांना लाकडी ठोकळे. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ब्रेक ओढून ठेवला तर दमट हवेत लायनर ड्रमला चिकटतात आणि दसऱ्याच्या सकाळी चाक हलत नाही. बॅटरी काढून घरात नेली. क्रोमवर व्हॅसलीनचा पातळ हात. पायाखालची मॅट आणि तिच्याखालचं फेल्ट बाहेर काढलं, कारण पद्मिनीचा पत्रा सडतो तो तिथेच, वरून काहीही न दिसता.

गाडीत शिरायच्या जागाही बंद केल्या. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर फिल्टरच्या नळीत स्टीलची तार, आणि प्रत्येकीला लाल रिबीन बांधून तिचं टोक स्टीअरिंगला, म्हणजे चालू करताना विसरणं शक्य नाही. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, म्हणजे फायरवॉलमधून, केबल जातात तिथल्या भोकांचे रबरी ग्रोमेट कडक होऊन गळाले होते. पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली, तरी नाना पेठेत ते अजून मिळतात. कर्वेनगरच्या एका मित्राच्या अॅम्बॅसेडरमध्ये मागच्या वर्षी फिल्टरच्या डब्यातच घरटं निघालं होतं, वर्तमानपत्राच्या झिरमिळ्या आणि सीटचा काथ्या. असं घरटं काढताना कोरडं झाडू नका. रबरी हातमोजे घाला, ब्लीचच्या पाण्याने ओलं करा, थोडा वेळ थांबा आणि मग उचला. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून होणाऱ्या लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) धोका खरा असतो.

आर्द्रा आणि पुढे

सहकारी मंडळी विचारतात, अधूनमधून इंजिन चालू करता का? नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. गाडी पाऊण तास पळाली तर ती वाफ निघून जाते. पाच मिनिटं जागेवर चालवून बंद केली तर तेच पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये राहतं. त्याऐवजी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडलं. आता मधूनमधून टॉप गिअरमध्ये गाडी फूट-दोन फूट ढकलतो. इंजिन फिरतं आणि टायरचा टेकलेला भागही बदलतो.

गॅरेजमध्ये छोटा डिजिटल आर्द्रतामापक टांगला आहे. सुमारे 60 टक्क्यांच्या वर लोखंड झपाट्याने गंजू लागतं आणि जुलैत बाहेरची हवा 80 च्या वर असते. तापमान वाढलं की हीच हवा कोरडी होते: 24 अंशांची 85 टक्के हवा 28 अंशांवर नेली तर ती साधारण 67 वर येते. म्हणून काही जण गाडीखाली पिवळा बल्ब लावून ठेवतात. पेट्रोलची वाफ जड असते आणि जमिनीलगतच साठते, त्यामुळे हा प्रकार मी करणार नाही आणि कुणी करू नये. गाडीच्या आत सिलिका जेलच्या कापडी पिशव्या ठेवल्या आहेत. रंग बदलला की ओव्हनमध्ये 120 अंशांवर वाळवून परत. कॅल्शियम क्लोराइडचे डबे जास्त पाणी ओढतात, पण ते पाणी पत्र्यावर सांडलं तर मिठासारखंच खातं. वर जाड सुती चादरीचं कव्हर, प्लास्टिक अजिबात नाही.

पुष्य

उंदरांवरचे सांगोवांगीचे उपाय ढीगभर आहेत. बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी ठेवा म्हणतात. दमट हवेत तंबाखूचा वास उतरतो आणि राहतो तो चिकट कचरा. डांबराच्या गोळ्यांचा वास सीटमधून वर्षभर जात नाही आणि ती वाफ आपल्यालाच अपायकारक. अल्ट्रासॉनिक यंत्राच्या आवाजाला उंदीर थोड्याच काळात सरावतात. विषाला माझा ठाम विरोध आहे. विष खाल्लेला उंदीर सीटखाली जाऊन मरतो आणि बाहेर मेला तर तळजाईवरचं गव्हाणी घुबड तो उचलतं.

मी लाकडी सापळे लावतो. भिंतीला काटकोनात, खटका भिंतीकडे, कारण उंदीर भिंतीला अंग लावून चालतो. आमिष सुक्या खोबऱ्याचा तुकडा, दोऱ्याने बांधलेला, नाहीतर अलगद उचलून नेतात. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून सुरुवातीच्या काही रात्री खटका न लावता नुसतं खोबरं ठेवायचं. लहान उंदीर पहिल्याच रात्री येतो.

मघा

शंखजिरं पुन्हा पसरलं. शटरजवळ काही नाही, वाशावर नवा पट्टा नाही. खिडकीबाहेरच्या कठड्यावर पाच बोटांचे ठसे आहेत, जाळीपाशी येऊन परतलेले. गाडीतला आर्द्रतामापक 58 दाखवतोय, गॅरेजमधला 76. सीटवर बुरशी नाही. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला मात्र ब्रेक ऑइलचा ओलसर डाग दिसतोय, म्हणजे व्हील सिलिंडरचे कप (ऑइल अडवणारे रबरी सील) गेले. पाऊस उघडला की नाना पेठेतून चारही चाकांचे कप आणतो, ड्रम उघडतो आणि ब्रेक ऑइलही सगळं नवं भरतो. ते काम हस्त लागायच्या आत झालं पाहिजे.