भादलीची निवडणूक आणि आम्ही नोकरदार

भुसावळ-जळगाव मार्गावर भादली नावाचं एक छोटं स्टेशन लागतं. मी रोज गाडीने त्यावरून बँकेत नोकरीला जातो. याच भादली बुद्रुकच्या ग्रामपंचायतीची निवडणूक २०२०च्या डिसेंबरात लागली, तेव्हा अंजली पाटील यांनी महिलांसाठी राखीव असलेल्या जागेवरून अर्ज भरला. अंजलीताई तृतीयपंथी. छाननीत अर्ज बाद झाला. कारण सांगितलं, तृतीयपंथी म्हणून या जागेवरून तुम्हाला उभं राहता येणार नाही. गावाकडे असं झालं की माणूस बहुतेक वेळा तिथेच थांबतो. निवडणूक कार्यालय नाही म्हणालं की विषय संपला. त्या थेट हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. २ जानेवारी २०२१ला न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी अर्ज स्वीकारायला सांगितलं. आपलं लिंग आपण ठरवण्याचा हक्क तृतीयपंथीयांसाठीच्या २०१९च्या कायद्याने दिला होता, आणि अंजलीताईंनी स्त्री म्हणूनच उभं राहायचं ठरवलं होतं. एकदा बाई म्हणून लढलात तर पुढे फायद्यासाठी पुरुष म्हणून अर्ज भरता येणार नाही, एवढं कोर्टाने बजावलं. १५ तारखेला मतदान झालं आणि त्या निवडून आल्या.

तेव्हा आमच्या गाडीच्या डब्यात दोन दिवस हाच विषय. "काय भो, आता हे पण पंचायतीत?" एकाने विचारलं. दुसरे एक काका, शेतकरी माणूस, मोबाइलवरच्या केळीच्या भावातून मान वर न करता म्हणाले, "वार्डात कामाला कोण येतं ते पाहायचं भो." आणि पुन्हा भावाकडे वळले. मला त्या वाक्याने जेवढं बरं वाटलं तेवढं कुठल्याही भाषणाने वाटलेलं नाही. त्यात कौतुक नव्हतं, दया नव्हती. एका उमेदवाराबद्दल बोलतात तसं बोलणं होतं.

त्याच डब्यात त्याच मोबाइलवर पुरुषाने साडी नेसून लचकत चालण्याचे विनोद मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. टीव्हीवरच्या स्किटमध्ये साडीतला पुरुष आला की संवाद सुरू व्हायच्या आधीच हशा. आमच्यातलं, म्हणजे तृतीयपंथी किंवा गे, कुणी पडद्यावर दिसतं म्हणजे नेमकं कसं दिसतं, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा. २०१७ची ती खोकल्याच्या औषधाची जाहिरात आठवते का? बसमधून होस्टेलला निघालेली मुलगी आपल्या आईबद्दल सांगत असते, आणि शेवटी कळतं की आई म्हणजे तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत. मुलीला डॉक्टर नाही, वकील व्हायचंय, कारण नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले हक्क तिच्या आईला मिळत नाहीत. माझ्या आईने ती माझ्या फोनवर पाहिली, पुन्हा लाव म्हणाली, आणि मग विचारलं, "हिला रेशनकार्डावर आई म्हणून लावतात का?" आई तलाठी कार्यालयात पंचवीस वर्षं होती. तिचा प्रश्न बरोबर तिथेच गेला जिथे तो जायला हवा.

मी गे आहे. हे इथे मोकळेपणाने लिहिता येतं, त्यामागे कोण आहे ते मला नीट मांडायचंय. आम्हा नोकरदार गे पुरुषांना लपता येतं. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड, सकाळची गाडी. कुणाला पत्ता लागत नाही. तृतीयपंथी बाईला ती सोय नाही. पोलीस तिलाच उठवतात, घरमालक तिलाच नाही म्हणतो. ११ डिसेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा लागू केलं तेव्हा आमचे सगळे ग्रुप शोकात होते. त्यानंतर चारच महिन्यांत, १५ एप्रिल २०१४ला, त्याच न्यायालयाचा तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलचा निकाल आला, ज्याला नालसा निकाल म्हणतात. तृतीयपंथीयांना कायद्याची ओळख मिळाली आणि शिक्षण-नोकरीत आरक्षण द्या असं सरकारांना सांगितलं गेलं. त्या लढाईत तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मी त्रिपाठी होत्या, गौरी सावंत होत्या. आपण कोण हे ज्याचं त्याने ठरवायचं, हे त्या निकालाने आधी सांगून ठेवलं, आणि २०१८च्या ६ सप्टेंबरला ३७७ पडलं तेव्हा कोर्टाने त्याचा आधार घेतला. पेढे आम्हीही वाटले.

म्हणून प्राइड मोर्चाचे फोटो टाकणारे माझे पुण्या-मुंबईचे गे मित्र तृतीयपंथीयांच्या आरक्षणाचा विषय निघाला की गप्प होतात, याचा मला राग येतो. कर्नाटकाने २०२१मध्ये तृतीयपंथीयांना सरकारी नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक जातप्रवर्गाच्या आत राखीव जागा, दिलं. आपल्याकडे पोलीस भरतीत अर्ज भरायला तृतीयपंथी असा नुसता रकाना मिळावा म्हणून हायकोर्टापर्यंत जावं लागलं, २०२२ साली. 'कुरूप' हा कवितासंग्रह लिहिणाऱ्या तृतीयपंथी कवयित्री दिशा पिंकी शेख किंवा २०२४ला आमच्या रावेरमधून विधानसभा लढलेल्या तृतीयपंथी शमिभा पाटील जातीबद्दल आणि लिंगाबद्दल एका दमात बोलतात. मला त्यांचंच म्हणणं पटतं. भीक मागून पोट भरावं लागणाऱ्या माणसाला आधी पगार हवा. लग्नाचा हक्क मलाही हवाच आहे. १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला त्या रात्री मी आणि माझा जोडीदार, आम्ही दोघं जेवलो नाही. पण मागण्यांच्या यादीत पगार वर असायला हवा.

लग्न नाही, तरी एक गोष्ट हाताशी आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की आमच्यासारख्या जोडप्यांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला काहीच आडकाठी नाही. नॉमिनेशनचा फॉर्म मी रोज भरून घेतो. ठेवीदाराशी नातं, असल्यास, असा रकाना आहे. लोक पत्नी लिहितात, मुलगा लिहितात. सही करणाऱ्याला साक्षीदार लागत नाही, अंगठा असेल तरच लागतो. आमचं खातं आता माझ्याच शाखेत उघडतोय, आणि त्या रकान्यात जोडीदार लिहिणार आहे. दुसऱ्या शाखेत जा, असं दोघातिघांनी सुचवलं. पण माझ्या शाखेत तो कागद काउंटरवरून तपासणीला, तिथून मॅनेजरसाहेबांकडे आणि मग फायलीत जाईल. चार जण वाचतील. त्यांनी वाचावा म्हणूनच तिथे देतोय.